जाड तुळई

साऱ्या वस्तीत लाकडाविषयी ज्याचं त्याचं ठाम मत होतं, आणि बहुतेकांचं ते आगपेटीकडे बघून झालेलं होतं. काडी ओढली की पेटते. तेव्हा लाकडाचं घर बांधलं तर ते पेटणार की नाही हा प्रश्नच नव्हता, कधी पेटणार एवढंच विचारायचं.

सूनबाईचं मत तुळया मोडून मोडून झालेलं होतं. ती लाकडी इमारतींचे आराखडे करायची, आणि त्यासाठी कचेरीच्या मागच्या शेडमध्ये तुळया मोडायची. दोन टेकूंवर तुळई आडवी ठेवायची, वरून यंत्राने दाब वाढवत न्यायचा आणि कान देऊन उभं राहायचं. काच न सांगता फुटते. लाकूड तसं नाही, ते सांगून सवरून मोडतं. आधी कुरकुरतं, मग कण्हतं, मग आतला एखादा धागा तटकन सुटतो, आणि एवढं होऊनही कुणी मनावर घेतलं नाही तरच बिचारं मोडतं.

"अगदी घरच्या सुनेसारखं," असं ती एकदा चहा पिताना बोलून गेली होती.

नवऱ्याने कप खाली ठेवून विचारलं होतं, "मग तू सध्या कुठवर आलीयेस? कुरकुरण्यापर्यंत की कण्हण्यापर्यंत?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं सुधारून तो घरी यायचा आणि आई आणि बायको या दोन मजल्यांच्या मध्ये अडकून पडायचा. इथली दुरुस्ती आपल्या धंद्यात बसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

अडकण्याचं कारण वर्षाचं होऊन गेलेलं होतं, त्याला चार दात आलेले होते आणि त्याला सगळे चिमणी म्हणायचे.

सासूबाई पाळणाघर चालवायच्या. वस्तीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी चमचा धरायला शिकवलेलं, उरलेल्या निम्म्यांच्या आयांना. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम, आणि मुलं वाढवण्याचं तत्त्वज्ञान एका ओळीचं: "पडल्याशिवाय उभं राहता येत नाही." त्यांच्याकडे पोरं खिडकीच्या गजांवर चढत, टेबलांवरून उड्या मारत, एकमेकांच्या डोक्यावर ठोकळे आपटत. रडारड झाली की मोठ्या बाई लांबूनच विचारत, "रक्त आलंय का?" नाही असं उत्तर आलं की, "मग खेळा."

सूनबाईचं तत्त्वज्ञान नेमकं उलटं. तिच्या कामात प्रत्येक गोष्ट धरायची तेवढी धरून वर आणखी धरायची रीत होती. छपरावर जेवढा भार येईल असं वाटतं, त्याच्या कितीतरी पट पेलेल अशी तुळई निवडायची. लाकूड हा सजीवाचा माल. कुठे गाठ असते, कुठे रेघ तिरकी जाते, कुठे ओल राहिलेली असते. म्हणून हात राखून वागायचं. ती घरातही तशीच वागायची. चिमणीला घेऊन निघाली की तिच्या पिशवीत दुधाच्या जास्तीच्या बाटल्या, जास्तीचे कपडे, आणि ते सगळं ओलं झालं तर म्हणून आणखी एक पिशवी. गॅसचं बटण बंद आहे ना, हे ती एकदा डोळ्यांनी बघायची आणि एकदा हाताने.

साहजिकच चिमणी आजीच्या पाळणाघरात जात नव्हती. साऱ्या वस्तीची मुलं जिच्या हवाली, तिची सख्खी नात रोज सकाळी आईच्या पोटाशी बांधून दोन बस बदलून कचेरीजवळच्या दुसऱ्या पाळणाघरात जायची. तिथे भिंतींना उशा लावलेल्या होत्या. "मधल्या सुट्टीत पाजायला बरं पडतं," असं सूनबाई सगळ्यांना सांगायची. चिमणीचं अंगावरचं दूध सुटलं, तरी कारण तेच चालू राहिलं. मोठ्या बाईंनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. त्या फक्त सकाळी सून दाराबाहेर पडताना, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मांजराला म्हणायच्या, "ये गं बाई, तू तरी ये माझ्याकडे."

अशात जागामालकाने पाळणाघराची खोली परत मागितली. त्याला तिथे गाड्या ठेवायच्या होत्या. तशी त्या खोलीची रया गेलीच होती. भिंतींना ओल, कोपऱ्यात बुरशी, आणि फरशी अशी थंडगार की पोरं बारा महिने नाकातून गळत. मोठ्या बाईंची स्वतःची थोडी जमीन होती मागच्या गल्लीत. पण तिथे पूर्वी तळं होतं. लोकांनी माती नि कचरा टाकून टाकून ते बुजवलेलं. पाऊल दाबून टाकलं तर जमीन हळूच आत जाऊन पुन्हा वर यायची, गादीसारखी. विटा-सिमेंटची इमारत तिथे उभी करायची तर पाया पार पाताळात न्यायला हवा होता.

"लाकडाचं बांधू," सूनबाई एका रविवारी जेवताना म्हणाली. "तेवढ्याच ताकदीला वजन कितीतरी कमी. जमिनीला जड होणार नाही. पायाखाली ऊबदार लागतं, हवेतली ओल शोषतं आणि कोरड्या दिवसांत परत सोडतं. पोरांच्या नाकांनाही बरं."

सासूबाईंनी घास गिळला. "लाकूड चुलीत घालतात."

"आई, जाड लाकूड तसं पटकन पेटत नाही. वरून काळं पडतं, त्याचा कोळसा होतो, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला सांभाळतो. पांघरूण घातल्यासारखं. लोखंड उलट तापलं की मऊ पडतं."

"लोखंड मऊ आणि लाकूड घट्ट." सासूबाई मुलाकडे वळल्या. "अरे, तू तिला काय वाचायला देतोस?"

"मी मधल्या मजल्यावर आहे," मुलगा म्हणाला आणि त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

दुसरी वाट नव्हती, म्हणून मोठ्या बाई तयार झाल्या. म्हणजे नाही म्हणायचं थांबल्या. आराखडा झाला, मंजुरी आली, तुळया कारखान्यातून येऊन जमिनीवर ताडपत्रीखाली रचून पडल्या. आडव्या-उभ्या गाठी काढून टाकून, वाळवलेल्या पातळ फळ्या एकीवर एक चिकटवून केलेल्या तुळया होत्या त्या. सूनबाई जाता-येता ताडपत्री उचलून त्यांचा वास घ्यायची. चिमणीलाही द्यायची. चिमणी जीभ लावून बघायची.

मग वस्तीला बातमी लागली आणि पालकांनी सभा मागितली.

सभा जुन्या खोलीतच भरली. मोठी माणसं पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसली. आसन असं असलं की माणसं मुद्द्यावर लवकर येतात.

"आमच्या भट्टीत मी रोज लाकूड जाळतो," बेकरीवाला म्हणाला. त्याची जुळी पोरं मोठ्या बाईंकडे होती. "लाकूड काय चीज आहे ते मला नका सांगू. एक ठिणगी बास."

"वाळवीचं काय?" मागून कुणीतरी.

"आणि ते रात्री करकरतं म्हणे. आत भूत असल्यासारखं."

"करकरणार," सूनबाई म्हणाली. "हवा बदलली की लाकूड थोडं फुगतं, थोडं आकसतं. त्याचा आवाज तो."

"म्हणजे हलतं!" बेकरीवाल्याने सभेकडे हात पसरला. "ऐकलंत? हलणारं घर."

वकीलबाई आतापर्यंत गप्प होत्या. त्यांचा मुलगा पाळणाघरातला सर्वांत जास्त चावणारा म्हणून प्रसिद्ध होता, आणि गुण कुठून आला हे सभेत लगेच कळलं.

"मला लाकडातलं काही कळत नाही," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "एकच साधी शंका. तुमची मुलगी येईल का तिथे?"

सूनबाईच्या पोटाशी बांधलेली चिमणी तेवढी अंगठा चोखत चुकचुक आवाज करत होती. मोठ्या बाई कोपऱ्यात ठोकळे गोळा करत होत्या. त्यांचे हात थांबले, मान वर झाली नाही.

"तिचं… तिचं दुसरीकडे नाव घातलंय," सूनबाई म्हणाली. "पाजायला बरं पडतं म्हणून."

"किती महिन्यांची?"

"सव्वा वर्षाची."

"अस्सं," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, पण कोर्टात लोक याचीच फी देत असणार. त्यानंतर जो तो एकच बोलू लागला: खात्री पटली नाही तर आम्ही मुलं काढून घेणार. सूनबाईचे कान तापले, आणि कान तापले की ती विचार न करता आकडे बोलायची किंवा आव्हान द्यायची. आकडे या लोकांना नको होते.

"येत्या रविवारी या," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत तुळईखाली जाळ करते. वर वाळूची पोती ठेवते. पडली तर मुलं घेऊन जा."

घरी परतताना मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "आगीशी खेळ आणि तोही पोरांच्या नावाने. बघ बाई."

खरं तर त्यात खेळ काहीच नव्हता. सूनबाईने अशा चाचण्या शेडमध्ये कितीदा केल्या होत्या. जमिनीवर रचलेल्या तुळयांमधली कुठलीही एक काढून ठेवली असती तरी चाललं असतं. पण शेडमध्ये तुळई मोडली तर नवी आणता येते. इथे मोडली तर सासूचा जन्मभराचा संसार मोडणार होता. कारण घरात एक नात आली म्हणून काही मोठ्या बाईंचा जीव त्या चावऱ्या, गळक्या, आरडाओरडा करणाऱ्या गोतावळ्यातून निघाला नव्हता. पोरं गेली तर त्या दिवसभर मांजराशी बोलत बसणार. हे सूनबाईला झोपेतही दिसायचं. म्हणून तिने हात राखला. कारखान्यात एका पादचारी पुलासाठी केलेली एक उरलेली तुळई होती, चांगली दुप्पट जाड. ती तिने टेंपोत घालून मागवली. उगाच धोका कशाला?

रविवारी सकाळी त्या बुजवलेल्या तळ्यावर जत्रा भरली. लोक खुर्च्या घेऊन आले. मुलांना आणू नका असं सांगितलं होतं, त्यामुळे मुलं पुढच्या रांगेत होती. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक आजोबा, ज्यांना सगळे बंबवाले आजोबा म्हणत, आपल्या जुन्या सोबत्याला आणि पाण्याच्या लांब नळीला घेऊन हजर झाले. त्यांचा नातू पाळणाघरात होता, शिवाय निवृत्तीनंतर त्यांच्या आयुष्यात आग अशी लागलीच नव्हती. बेकरीवाला एक लोखंडी चौकोनी पाईप खांद्यावर घेऊन आला. "हाही ठेवा शेजारी. होऊन जाऊ दे दूध का दूध."

विटांच्या दोन थप्प्यांवर तुळई आडवी झाली, शेजारी पाईप, दोन्हींवर वाळूची पोती. खाली कापलेल्या पिंपांत लाकडाचे तुकडे. सूनबाईने काडी ओढली.

पिंपातली लाकडं पेटली, धूर झाला, ज्वाळा तुळईच्या पोटाला चाटायला लागल्या. तुळई ढिम्म. गुळगुळीत रंधा मारलेलं जाडजूड अंग, ना कंगोरा ना फट. ज्वाळेने धरावं तरी कुठे? थोडी काळवंडली, बस. वेळ जायला लागला. लोक खुर्च्यांवर चुळबुळू लागले. बघायला आलेल्या माणसाला आग लागली नाही तर फसवल्यासारखं वाटतं.

"वारा उलटा आहे," एकजण म्हणाला.

"अहो, बारीक ढलप्या घाला आधी! जाड लाकूड असं पेटतं होय?" हा बेकरीवाला. त्याला राहवेना. तो बाह्या सारून पुढे आला, त्याने खाली वाकून हवेला वाट करून दिली, पुठ्ठा आणला, कपाळाच्या शिरा ताणून फुंकर मारली. मागून कुणी जुनी वर्तमानपत्रं पुढे केली, कुणी मोडकी खुर्ची. एका ठिणगीत सगळं खाक होईल म्हणून ज्यांची झोप उडाली होती, ती सगळी मंडळी आता डोळ्यांतलं पाणी पुसत, खोकत, तुळई पेटावी म्हणून जिवाचं रान करत होती. बंबवाले आजोबा नळी धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यात प्रथमच आगीबद्दल काळजी होती.

शेवटी एकदाची तुळई पेटली. बऱ्याच वेळाने सूनबाईने हात केला, पाणी सोडलं, वाफेचा ढग उठला. तुळई जागच्या जागी, पोती जागच्या जागी. पाईप मात्र मधोमध वाकला होता, यजमानाला नमस्कार केल्यासारखा. करवतीने तुळईचं टोक कापून दाखवलं: बाहेर बोटभर काळं, आत पिवळंधमक, ताजं, वास येणारं लाकूड.

टाळ्या पडायला हव्या होत्या. बेकरीवाला काजळीने माखलेलं तोंड पुसत म्हणाला, "हे लाकूडच नाही."

"म्हणजे?"

"मी रोज लाकूड जाळतो, बाई. हे लाकूड असतं तर माझ्या फुंकरीला उभं राहिलं असतं होय? यात काहीतरी औषध घातलंय. आणि असलं औषधवालं लाकूड पोरं चाटणार!"

सूनबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वकीलबाई उठल्या. त्यांनी ताडपत्रीपाशी जाऊन एक टोक उचललं, आत पाहिलं, परत आल्या. त्यांचा आवाज पुन्हा गोड झाला होता.

"मला लाकडातलं काही कळत नाही. पण त्या तिकडच्या बारीक दिसतात. छपराला हीच लावणार का, की त्या?"

खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती. पण सूनबाईला तुळयांच्या बाबतीत खोटं बोलता यायचं नाही. "त्या," ती म्हणाली. "ही… जरा जाड आहे. पुलाची आहे."

लोकांमध्ये हलकं हसू पसरलं, आणि त्या हसण्यात आठवडाभराची मेहनत वाहून गेली. माणसं खुर्च्या मिटायला लागली. नवऱ्याने डोक्याला हात लावला.

मोठ्या बाई उठल्या. सबंध वेळ त्या वाळूच्या ढिगाजवळ स्टुलावर बसून होत्या. त्या सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"त्या बारीक तुळया पेलतील ना गं?"

"पेलतील, आई. हिशेबाने कितीतरी जास्त पेलतील."

"मग ही कशाला आणलीस?"

सूनबाईने जाड तुळईच्या कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"तुझाच तुझ्या लाकडावर भरवसा नाही," सासूबाई म्हणाल्या. "मग माझ्या पोरांच्या आयांनी का ठेवावा?" क्षणभर थांबून त्यांनी पुढचं म्हटलं, आणि ते लाकडाबद्दल नव्हतं. "तुझं हे असंच. ज्याची खात्री आहे त्याच्यावरही टेकायचं नाही."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होताच, तो उपयोगी पडला. तिने मान फिरवली आणि नवऱ्याला म्हणाली, "ताडपत्री काढ. वरचीच घे. निवडू नकोस."

वरची तुळई आली. मिटलेल्या खुर्च्या पुन्हा उघडल्या. पिंपं नव्याने भरली. या खेपेला बेकरीवाल्याला कुणी बोलवायची गरज नव्हती. तो आधीच गुडघ्यांवर होता. पोती चढली, जाळ धरला, आणि बारीक तुळईने थोड्याच वेळात आग घेतली. धूर सूनबाईकडे वळला. पोटाशी बांधलेली चिमणी खोकायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम.

जाळापासून हलता येत नव्हतं. तुळई किती खाली येते, कुठून आवाज येतो, कधी थांबायचं, हे कुणी दुसरं सांगू शकणार नव्हतं. सूनबाईने झोळीची गाठ सोडली आणि चिमणीला हातात घेऊन नवऱ्याकडे बघितलं. तो टोकाच्या विटांची थप्पी सावरून उभा होता. दोन्ही हात अडकलेले, चेहऱ्यावर मधला मजला.

समोर मोठ्या बाई हात पसरून उभ्या होत्या. त्यांचे हात असे तयार होते, जसे काही वर्षभर तसेच उघडे असावेत.

सूनबाई थांबली. डोळ्यांचं पातं लवावं एवढंच. पण समोर वकीलबाई होत्या आणि त्यांचा धंदाच तेवढ्यातलं बघण्याचा. मग तिने चिमणी सासूच्या हातांत दिली.

मोठ्या बाईंनी नातीला घेतलं, धुराबाहेर नेलं आणि वाळूच्या ढिगावर सोडून दिलं. अगदी सोडूनच दिलं.

सूनबाईने ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तुळईकडे तोंड केलं. तुळई कुरकुरली. पुढच्या रांगेतली मुलं "ओऽऽ" म्हणाली. चिमणी वाळू खात असणार, सूनबाईला वळून न बघताही कळत होतं. तो शांतपणा तिच्या ओळखीचा होता. तुळई थोडी खाली आली, हिशेबात होतं तेवढी. मग चिमणी ढिगावर चढत असावी, कारण बंबवाले आजोबा म्हणाले, "अरे अरे, पोरगी बघा कशी चढतेय." तुळईत तटकन काहीतरी वाजलं. एक धागा. त्याच क्षणी मागे धप्प झालं आणि पाठोपाठ भोकाड.

सूनबाईचा एक पाय उचलला गेला. तो तिने परत खाली ठेवला. नजर तुळईवर, कान मागे; आयुष्यात एवढा भार तिने कधी पेलला नव्हता, आणि धरायचं तेवढं धरून वर काही राखायला जागाच नव्हती.

"रक्त आलंय का?" मोठ्या बाईंनी लांबूनच विचारलं.

"नाही!" पुढच्या रांगेने एका सुरात कळवलं.

"मग खेळा."

भोकाड बारीक झालं, हुंदका झाला, थांबलं. तुळई कण्हत होती, पण उभी होती. सूनबाईने ठरल्या वेळेपर्यंत थांबून हात वर केला. पाणी, वाफ, करवत. बाहेर बोटभर काळं, आत पिवळंधमक.

लोक जवळ आले. बंबवाले आजोबांनी आतल्या लाकडाला अंगठा लावून पाहिला आणि हुंगला. तुळई पुरती निवली तेव्हा मोठ्या बाई आल्या, त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि आपल्या सगळ्या वजनासकट तुळईच्या मधोमध बसल्या. पोती तर होतीच. तुळई एकदाच कुरकुरली.

"काय गं, मी जड वाटतेय का हिला?" त्यांनी सुनेला विचारलं.

"तुमचाही हिशेब धरलाय, आई."

लोक हसले. तशाच त्या उठून पाठमोऱ्या झाल्या तेव्हा आणखी हसले, कारण मागे कोळशाचा मोठा गोल उमटला होता.

मुलं कुणीच काढून घेतली नाहीत. सूनबाईला वाटलं, तुळईने काम केलं. नंतर तिला एकेकाकडून खरी कारणं कळत गेली. बंबवाले आजोबांना परत असा कार्यक्रम होईल अशी आशा होती. बेकरीवाल्याने आपण दुसऱ्या खेपेला किती झटक्यात जाळ धरवला हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं; पहिली तुळई औषधाचीच होती, यावरून तो आजतागायत हललेला नाही. आणि वकीलबाई बसथांब्यावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "लाकडाचं मला काही कळत नाही हो. पण तुम्ही मुलगी पडताना ऐकलीत आणि जागेवरून हलला नाहीत. मी म्हटलं, एक तर ही बाई दगड आहे, नाहीतर हिला सासूची खात्री आहे. दोन्ही चालेल."

पाळणाघर उभं राहिलं. जमिनीने तक्रार केली नाही. पावसाळी हवेत दारं फुगून घट्ट बसतात तेव्हा पालक तक्रार करतात, कोरड्या दिवसांत दारांत फट पडते तेव्हा पालक त्याचीही करतात. संध्याकाळी छप्पर निवताना करकरतं. पोरांना माहीत आहे की घर आळस देतंय. जळकी बारीक तुळई अंगणात बाक म्हणून ठेवली आहे. कितीही घासली तरी तिचं काळं सुटतंच. त्या वस्तीतल्या कुठल्याही पोराची चड्डी मागून बघून सांगता येतं, कुणाच्या हाताखालचं आहे.

चिमणी तिथेच जाते. सूनबाईच्या पिशवीतल्या जास्तीच्या बाटल्या गेल्या, जास्तीचे कपडे गेले; एक पिशवी ती अजून घेते, पण रिकामी.

परवा कचेरीतून लवकर सुटली म्हणून ती दुपारीच पोचली. दाराशी उभी राहून आत बघत राहिली. वकीलबाईंचा मुलगा खांबावर चढला होता. जुळे टेबलावरून उड्या मारत होते. कुणीतरी कुणाच्या डोक्यावर ठोकळा आपटला, रडू आलं, चौकशी झाली, रक्त नाही, खेळा. आणि या सगळ्या धुमाकुळाच्या मध्ये मोठ्या बाई चिमणीला कडेवर गच्च धरून उभ्या होत्या. चिमणी खाली उतरायला हातपाय झाडत होती. तिच्या डोक्याला टोपी होती, पायांत मोज्यांवर मोजे होते.

"आई, सोडा ना तिला," सूनबाई म्हणाली.

"नको गं बाई," मोठ्या बाई म्हणाल्या आणि नातीला आणखी वर घेतलं. "पडेल."